वजा केलेली माणसं

शर्वरी मुळ्येला पोहता येत नव्हतं, आणि तिनं राहायला जागा निवडली ती अशी, की तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला जंगल. आईनं डोक्याला हात लावला. "पुण्यात काय हवा नाही का तपासायला?" असं ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण शर्वरीचं काम खरोखरच हवा तपासण्याचं होतं.

निवळी धरणाच्या फुगवट्याच्या पार शेवटच्या टोकाला ती लाकडी केबिन होती. पूर्वी तिकडे रस्ता होता, तो धरण झालं तेव्हाच पाण्याखाली गेला. आता पोचायचं तर दोनच उपाय. एक जानू ढेब्यांची होडी, नाहीतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येणारं, पाण्यावर उतरणारं बॅटरीचं छोटं विमान. वस्तीवरची माणसं त्याला बदक म्हणत. बदक तांदूळ, औषधं, नवे फिल्टर आणि अधूनमधून डॉ. परचुरे सरांना घेऊन येई. सन २०४१ चालू होतं, पण त्या केबिनच्या पायरीवर बसून हे कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता काम काय होतं ते नीट सांगतो. कुठलाही जीव जाता-येता काहीतरी सांडत असतो. कातडीचा कोंडा, केसाचा तुकडा, शिंकेतले थेंब, वाळलेल्या लेंडीची धूळ. हे सगळं हवेत तरंगतं, आणि त्यात त्या जीवाचा डीएनए असतो. नुसती हवा गाळून जंगलात कोणकोण आहे ते सांगता येतं, हे शास्त्रज्ञांनी वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. पण तेव्हाची यंत्रं ‘इथं सांबर आहे’ इतकंच सांगून थांबत. परचुरे सरांच्या ‘वनश्वास’ संस्थेनं पुढची पायरी गाठली. त्यांचं यंत्र सांगे, परवा इथून गेलं ते हे सांबर, आणि गेल्या बुधवारी पलीकडच्या ओढ्यात होतं तेही हेच. नुसती जात नव्हे, एकेक नग ओळखायचं. झाडांना बांधलेले बारा पंप चोवीस तास हवा ओढत आणि पातळ फिल्टरवर धूळ धरून ठेवत. दर तीन दिवसांनी शर्वरी ते फिल्टर बदलून केबिनमधल्या यंत्रात घाली. कॅमेऱ्यासाठी जनावराला कॅमेऱ्यासमोरून जावं लागतं. इथं त्यानं श्वास सोडला तरी भागत होतं.

अडचण एकच होती, ती म्हणजे माणूस. माणसाइतकं सांडणारं जनावर दुसरं नाही. गाभा जंगलाच्या, म्हणजे माणसांना मज्जाव असलेल्या राखीव भागाच्या, कडेला ढेबेवस्ती होती. सात घरं, बावीस माणसं, साठेक म्हशी. त्यांची धूळ वाऱ्याबरोबर वर जाई आणि फिल्टरवर अशी बसे, की वाघाचा एखादा बारीक कण तिच्याखाली दडपून जाई. यावर इलाज म्हणजे वस्तीवरच्या प्रत्येकाची थुंकी घ्यायची, यंत्राला त्याची ओळख करून द्यायची, आणि मग त्या माणसाला हिशेबातून वजा करायचं.

"थुकायचं?" सगुणाकाकीनं कमरेवर हात ठेवून विचारलं. सगुणा म्हणजे जानूची बायको, आणि वस्तीवर तिच्या शब्दापुढं कुणाचं काही चालत नसे. "आमच्यात कुनी कुनाम्होरं थुकलं तर काठ्या निघत्यात, आन् तू बाटली घिऊन फिरतीस व्हय?"

"काकी, यंत्र एकदा तुम्हाला ओळखायला लागलं की सोडून देतं. तुम्ही त्याच्या लेखी नसल्यासारखेच."

"म्हंजे इसरंल आमाला?"

"विसरेल."

"आमच्या पोरांसारकंच म्हन की," सगुणा म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. मग एकेकानं बाटलीत थुंकून टॅबवर अंगठा उठवला. पाहुण्यानं तोंड उघडून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही तिथली रीत. टॅबवर चार पानी मजकूर होता. शर्वरीनं पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि पुढचा सोडून दिला. सरांनी पाठवलेलं काय वाचायचं!

या सरांबद्दल सांगितलंच पाहिजे. शर्वरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचे वडील गेले. शिक्षण सोडून ती नोकरी बघायला लागली तेव्हा परचुरे सर स्वतः घरी आले, आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, ही पोरगी मला द्या. हिच्या हातात काम आहे." तेव्हापासून दहा वर्षं तिनं सरांच्या शब्दापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. वजाबाकीचं ते आश्वासनही सरांचंच होतं. तिनं फक्त शब्दाला शब्द तसं वस्तीवर पोचवलं.

सहा महिन्यांत शर्वरी वस्तीची होऊन गेली. केबिनमध्ये तिची चूल क्वचितच पेटे. फिल्टर बदलून खाली उतरली की सगुणाकडे भाकरी, वर घट्ट दही. यादीत तिनं माणसांची नावंही वस्तीवर हाक मारतात तशीच लिहून टाकली होती. शाळेच्या दाखल्यावर सुरेखा असलेली पोर तिच्या यादीत गुंडी होती.

फेब्रुवारीच्या शेवटी सगुणाच्या सुनेला, बिरूच्या हौसाला, मुलगी झाली. आता तिथली एक रीत. मूल बारा दिवसांचं झालं की वस्तीला कडी लावून झाडून सगळी माणसं वर जननी देवीच्या राईत जातात, मूल देवीपुढच्या शिळेवर ठेवतात आणि तिथंच त्याला नाव देतात. तोवर ते नुसतं बाळ. मूळ देऊळ खालच्या गावाबरोबर बुडालं, तेव्हा यांच्या पणजोबांनी देवी डोक्यावर घेऊन, पाणी कधी पोचणार नाही अशा जागी वर नेऊन बसवली होती. पाणी काही पोचलं नाही, पण कायदा पोचला. ती जागा गाभा जंगलात गेली. ओढ्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, या अटीवर वस्तीला राहू दिलं होतं. तरी प्रत्येक बाळाच्या वेळी ती अट मोडली जाई, आणि वनखात्याचा गार्ड त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या डोंगरावर गस्तीला जाई.

"सात नंबरचा पंप राईच्या तोंडाशी हाय," सगुणा आदल्या दिवशी केबिनवर येऊन म्हणाली. "आमची वर्दी लागंल का गं?"

शर्वरी हसली. "काकी, यंत्रानं तुम्हाला कधीच वजा केलंय. खुशाल जा."

"मंग पोरीचं बी घे. न्हायतर म्हनंल, माकडाचं कुठलं पिल्लू आलं."

शर्वरीनं कापसाचा बोळा बाळाच्या ओठाला लावला आणि यादीत तेविसावी ओळ लिहिली: बाळ, मुलगी. ती स्वतः काही राईत गेली नाही. आपण बघितलं नाही म्हणजे आपल्याला सांगावंही लागणार नाही, असा तिचा साधा हिशेब. रीत मात्र तिनं कामाच्या वहीत हौसेनं सविस्तर लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी वस्तीवरून तिच्यासाठी वाटीभर घुगऱ्या आल्या.

त्याच आठवड्यात यंत्रात वाघीण आली. तीन फिल्टरवर तीच, एकटी, तरणी. शर्वरी केबिनमध्ये एकटीच नाचली. फोनवर सरांचा आवाज भरून आला होता. "शाब्बास, पोरी. तुझ्या वडिलांना आज फार बरं वाटलं असतं." त्या वाक्यावर ती तासभर रडली, आनंदानं.

मार्चअखेरीस एका सकाळी जानू केबिनच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हातात सरकारी लखोटा होता. "वाचून दाव बरं ताई. आमाला एवढी अवघड भाषा कळत न्हाय."

शर्वरी मोठ्यानं वाचायला लागली. खालील यादीतील व्यक्तींनी दिनांक अकरा मार्च रोजी गाभा क्षेत्रात अनधिकृत प्रवेश केल्याचं हवेतील जनुकीय पुराव्यावरून दिसून येत आहे. सबब राहण्याची परवानगी रद्द का करू नये, याचा खुलासा सुनावणीला हजर राहून करावा. परवानगी रद्द झाल्यास महामार्गालगतच्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला एक खोली मिळेल. गुरं सोबत नेता येणार नाहीत.

"म्हशी न्हाईत?" जानूनं मध्येच विचारलं. "मंग आमी काय करायचं थितं?"

पण तोवर ती यादीपर्यंत पोचली होती. एक, जानू. दोन, सगुणा. तीन, बिरू. चार, हौसा. नऊ नंबरला गुंडी. कुठल्याही सरकारी कागदावर ही पोर गुंडी नव्हती. क्रमही तिचाच होता, ज्या क्रमानं माणसांनी अंगठे उठवले तोच. मग तिनं शेवटची ओळ वाचली. तेवीस. बाळ, मुलगी. वय बारा दिवस.

जानू काही अडाणी नव्हता. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग कागदाकडे. "ही तुजीच यादी का गं?" त्यानं अगदी हळू विचारलं. तिनं मान डोलावली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बदक आलं. सर हातात आंबाबर्फीचा डबा घेऊन उतरले. शर्वरीनं डब्याला हात लावला नाही.

"सर, तुम्ही म्हणाला होतात की माणसं वजा होतात."

"झाली की," सर म्हणाले. पायरीवर रुमाल अंथरून ते शांतपणे बसले. "म्हणून तर वाघीण दिसली. पण वजा केलेलं जातं कुठं, शर्वरी? ते वेगळ्या फायलीत पडतं. वनखात्यानं ती फाइल मागितली, आपण दिली. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर तसं लिहिलेलं आहे."

"तिसरं पान मी वाचलं नाही."

"वाचायला हवं होतं."

किती सहज म्हणाले! दहा वर्षं जिच्याकडून डोळे मिटून सह्या घेतल्या, तिलाच वर शिकवण. "मी त्यांना शब्द दिला होता, सर! तुमचा शब्द. बाळाचीसुद्धा थुंकी घेतली मी. माझी वहीपण दिलीत का त्यांना?"

"अहवालाला जोडली आहे. फार सुंदर लिहिलंयस." सरांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "हे बघ, वाघिणीला पिल्लं होतील. वस्ती आणि वाघीण एका ओढ्यावर नाही नांदत. मला तुझ्याइतकंच वाईट वाटतं. पण तुला आधी सांगितलं असतं तर तू नमुने घेतलेच नसतेस."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी तिला केबिनमध्ये पाठवलं ते वाघासाठी, आणि वस्तीवर पाठवलं ते तिच्या भाबड्या तोंडासाठी. ज्या माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून वडिलांचं दुःख रडली, त्यानंच केसानं गळा कापला होता. सर गेल्यावर तिनं बर्फीचा डबा पाण्यात भिरकावला. त्यानं काही समाधान झालं नाही.

सुनावणीला बारा दिवस होते. शर्वरीपुढं दोन मार्ग होते, आणि ते तिला स्वच्छ दिसत होते. खरं सांगायचं, म्हणजे नमुने खोट्या आश्वासनावर घेतले असं सांगायचं. मग पुरावा बाद होण्याची आशा होती, पण सर उभे-आडवे फाडले गेले असते, त्यांची संस्था बंद पडली असती. दुसरा मार्ग म्हणजे एक खोटं. फिल्टर आपल्याच हलगर्जीपणानं वस्तीच्या धुळीत खराब झाले, असं सांगायचं. त्यात पुरावा जात होता, वाघिणीची नोंद जात होती, शर्वरीचं सगळं काम मातीत जात होतं. पण सर वाचत होते.

तिनं दुसरा मार्ग धरला. का, ते तिला तेव्हा नीट कळलं नाही. आपण किती मोठा त्याग करतोय, असंच तिला वाटत राहिलं.

सुनावणी पाण्याअलीकडे, तालुक्याच्या गावी, भर दुपारी. जानूनं दोन फेऱ्यांत सगळी वस्ती आणली. शर्वरीला पहिल्या फेरीत घेतलं, पण वाटेत तिच्याशी कुणी बोललं नाही. तळेकर नावाचे अधिकारी होते, चष्मा कपाळावर चढवून माणसाकडे नीट बघणारे. एका खुर्चीवर परचुरे सर बसले होते.

शर्वरी उभी राहिली आणि पाठ केलेलं बोलली. "साहेब, चूक माझी आहे. सात नंबरच्या पंपाचे कोरे फिल्टर लावायच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर घेऊन गेले होते. पेटी उघडी होती. ओट्यावर सगळे जमले होते, त्यांचीच धूळ बसली असणार. ही माणसं राईत गेली, असं त्यावरून म्हणता येणार नाही."

तळेकरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे लेखी द्याल? तुमचं सगळं काम रद्द होईल."

"देईन."

सर मान खाली घालून बसले होते. त्यांना खोटं कळलं होतं, पण ते एक अक्षर बोलले नाहीत. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. बिरूनं जानूचा हात दाबला. वस्ती वाचली, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं.

तळेकरांनी मग अहवाल चाळला, आणि शर्वरीच्याच वहीचं पान काढलं. "एक शंका आहे. इथं लिहिलंय, राईत नेल्याशिवाय या वस्तीत बाळाला नाव ठेवत नाहीत. आजी, नातीचं नाव ठेवलंय का?"

उत्तर किती सोपं होतं! अजून नाही, एवढंच. शर्वरीनं सगुणाकडे बघितलं, मान हलवून खुणावलंसुद्धा. सगुणानं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ठिवलंय की. जनाई. जनाई बिरू ढेबे."

"कुठं ठेवलं?"

"देवीम्होरं. बाराव्या दिशी."

"आजी, नीट विचार करून बोला. ताई सांगताहेत, तुम्ही गेलाच नव्हता."

"ती आमच्यापायी बोलती. पर साहेब, आमी गेलो न्हाय म्हनलं, तर पोरीचं नाव जातं. देवीम्होरं दिल्यालं नाव न्हाईच म्हनून सांगायचं? जित्या लेकराचं? घरं घ्या, म्हशी घ्या, पर असलं काय माझ्या तोंडून यायचं न्हाय."

तेव्हा कुठं शर्वरी भानावर आली. "साहेब, मी खोटं बोलले," ती ओरडलीच. "पण आता खरं सांगते. हे नमुनेच फसवून घेतलेत. यंत्र तुम्हाला विसरेल असं सांगून मी घेतलेत. सरांनी मला तसं सांगायला लावलं होतं, आणि त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं!"

तळेकरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "ताई, पाच मिनिटांपूर्वी तुम्ही एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय. मी काय लिहून घेऊ? फॉर्मवर यांचे अंगठे आहेत."

"पर ती खरं बोलतीया," सगुणा म्हणाली. "इसरंल म्हनली होती. आमी समद्यांनी ऐकलंय."

"तुम्ही म्हणणारच, आजी."

सर उठले. त्यांनी शर्वरीच्या पाठीवर हात ठेवला. "साहेब, सात महिने एकटी राहिली आहे जंगलात. दमली आहे. तिचं बोलणं मनावर घेऊ नका, तिच्या नावावर डाग नको." आवाजात इतकी माया होती की तळेकरांनी समजूतदारपणे मान हलवली. शर्वरीनं तो हात झटकला, आणि त्यामुळे ती आणखीच दमलेली दिसली.

पंधरा मेच्या आत वस्ती हलवावी, असा हुकूम झाला.

धक्क्यावर जानू होडीतलं पाणी उपसत होता. माणसं एकेक करून चढत होती. सगुणा मागं राहिली. ती रागावलेली नव्हती. त्यापेक्षा रागावली असती तर शर्वरीला बरं वाटलं असतं.

"हे आदीच का न्हाय बोललीस?" तिनं विचारलं. "पयलंच खरं बोलली असतीस, तर त्यानं ऐकलं असतं."

शर्वरीनं निदान आता तरी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "सरांचं नाव घ्यायला जीभ उचलली नाही, काकी."

सगुणानं मान डोलावली, जणू तिला हेच ऐकायचं होतं. "आमची तेवीस नावं लिवताना तुजा हात न्हाय अडकला," ती म्हणाली.

मग ती होडीत जाऊन बसली. हौसानं जनाईला उन्हातून पदराखाली घेतलं. जानूनं दोर सोडला. शर्वरीला कुणी ये म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.